आई चुकेल तिथे फुली

जगात कुठेतरी आत्ता कुणीतरी जमिनीवर मांडी घालून नव्या कपाटाचे तुकडे जोडत बसलं असेल. त्याच्या हातात एक कागद असेल. कागदावर अक्षर एकही नाही, नुसती चित्रं. कुठली फळी कुठे, कुठला स्क्रू कुठे. ती चित्रं आमच्या वहिनींनी काढलेली असण्याची बरीच शक्यता आहे. आणि एखाद्या चित्राशेजारी लाल फुली मारलेलं चुकीचं चित्र असेल, तर ती चूक आमच्या आईची आहे. हे मी छाती पुढे काढून सांगतो.

वहिनी लग्नाआधी एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग करत होत्या. लग्न झालं, गाव बदललं, नोकरी सुटली. इथे आमच्या घरात दादा बस डेपोत मेकॅनिक, मी हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर, आणि आई सरकारी दवाखान्याच्या बाळंतीण विभागातून आया म्हणून निवृत्त झालेली. निवृत्त फक्त कागदोपत्री. घरात तिचा वॉर्ड चालूच होता आणि आम्ही सगळे तिचे पेशंट.

फ्रीज आणि खिडकी यांच्यामध्ये जी बोळवजा जागा आहे, तिथे वहिनींनी घडीचं टेबल मांडलं आणि जुना लॅपटॉप उघडला. इंटरनेट तिथेच नीट मिळायचं. एका वेबसाइटवर जगभरची कामं येतात, आपण बोली लावायची, पसंत पडलो तर काम आपलं. बरेच महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही. वहिनी रोज बोली लावत आणि रोज नकार घेऊन भाजी चिरायला उठत. मी असतो तर लॅपटॉप खिडकीतून भिरकावला असता. त्यांनी चिकाटी सोडली नाही. मग एका खेळणीवाल्याने लाकडी आगगाडी कशी जोडायची त्याची चित्रं करून घेतली. त्यातून दुसरं काम, दुसऱ्यातून तिसरं, आणि एक दिवस चक्क परदेशातली एक फर्निचर कंपनी लागली. त्या कंपनीची जी बाई व्हिडिओ कॉलवर यायची, तिला आम्ही घरात ‘फर्निचरबाई’ म्हणायचो.

पैसे वहिनींच्या खात्यात जमा व्हायला लागले, पण घराच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. बाहेर जाऊन घामाघूम होऊन परत येतो तो कामावर, बाकीचे रिकामे, हा आमच्याकडचा कायदा. शेजारणीचं कुरिअर आलं की वहिनी घेणार. वरच्या मजल्यावरच्यांची चावी वहिनींकडे. नळ दुरुस्त करणारा येणार, वहिनी थांबतील. त्यांच्या दोन चित्रांमध्ये चार वेळा दार वाजायचं. कुणी विचारलंच तर आई म्हणायची, "तिला काय, घरीच तर असते." दादा या प्रकरणात मूग गिळून बसायचा. बसचं इंजिन पूर्ण उघडून परत जोडणारा माणूस, पण आई आणि बायको यांच्यामध्ये काही बिघडलं की त्याला नेमका अंघोळीचा नंबर लागायचा.

फर्निचरबाईची एक अट होती. प्रत्येक कागद पाठवण्याआधी तो एखाद्या माणसाला द्यायचा, पुढ्यात सुटे भाग ठेवायचे, आणि कुणी एक अक्षर न बोलता त्याने ते जोडून दाखवायचं. त्यासाठी कंपनी नमुन्याचा खोका घरी पाठवायची. पहिला खोका पुस्तकांच्या मांडणीचा. वहिनींनी तो दादाला आणि मला दिला. दादा मेकॅनिक, मी स्क्रूंच्या राशीत वाढलेला. आम्ही कागदाकडे बघितलंदेखील नसेल. बघता बघता मांडणी उभी. "एकदम फर्स्टक्लास कागद, वहिनी!" असा शेराही मी मारला. वहिनींनी कागद पाठवला आणि मांडणी परत सुटी करून गॅलरीत ठेवली.

महिन्याभराने फर्निचरबाईचा कॉल आला. चेहरा उतरलेला. तिकडच्या गिऱ्हाइकांनी तक्रारींचा नुसता पाऊस पाडला होता. मांडणीच्या बाजूच्या फळीला एका कडेला लांब खाच असते. ती मागे यायला हवी, कारण मागची पातळ फळी त्या खाचेतून सरकते. लोक ती खाच पुढे आणून बसवत होते, मग मागची फळी बसेना, मग संताप. का असं करतात ते तिला कळत नव्हतं आणि वहिनींनाही. चित्रात तर खाच बरोबर मागे होती. फर्निचरबाई वाईट नव्हती, पण स्पष्ट बोलली. आता दाराच्या कपाटाचं काम आहे, त्यातही तशीच खाच. याची परीक्षा ती स्वतः व्हिडिओवर बघणार. जमलं तर वर्षभराचा करार, नाही जमलं तर राम राम.

संकटं एकेकटी यायला लाजतात बहुतेक. त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे आमची मोठी बहीण, दूरच्या शहरात राहते. दुसऱ्यांदा दिवस गेलेले, डॉक्टरांनी आराम सांगितलेला, पहिली मुलगी तीन वर्षांची आणि वारं प्यायलेली. मदतीला कुणीतरी हवं होतं. आई स्वतः निघाली असती, अगदी चप्पल घालून तयार होती, पण ताईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईच्या गुडघ्याला आमचा एक जिनाही झेपत नाही.

"मग सूनबाई जाईल तीन महिने," आईने निकाल लावला.

"आई, माझं काम आहे," वहिनी म्हणाल्या.

"काम घेऊन जा की! त्या पेटीतच तर असतं तुझं काम."

"आणि खोके? जोडायला जागा? ताईंची छकुली स्क्रू गिळेल."

"अगं, माझी पोर तिकडे अंथरुणावर पडली आहे आणि तू खोक्यांचं काय सांगतेस मला?"

आईचा आवाज चिरकला. ती दुष्टपणा करत नव्हती, लेकीच्या काळजीने तिचा जीव टांगणीला लागला होता. पण म्हणून वहिनींची बाजू लटकी होते का? मला भयंकर राग आला. वर्षानुवर्षं खपून बाईने काहीतरी उभं केलं, ते उचलून बाजूला ठेवायला घराला एक वाक्य पुरलं. मी दादाकडे बघितलं. दादा अंघोळीला गेला होता.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "कपाटाची परीक्षा होऊ दे, आई. नापास झाले तर दुसऱ्या दिवशी निघते. पास झाले तर मी इथून हलणार नाही, ताईंसाठी दुसरी सोय आपण सगळे मिळून करू." आईने ओठ मुडपले, पण मान हलवली. नापास होणार याबद्दल तिला शंकाच नव्हती.

आता कागद तपासायला द्यायचा कुणाला हा प्रश्न. दादा आणि मी बाद, हे तक्रारींनी सिद्ध केलंच होतं. शेजारच्या काकू तोंड बंद ठेवू शकत नव्हत्या. वहिनी दोन दिवस हवालदिल होऊन फिरल्या आणि तिसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानात गेल्या. परत येतात तर बाहेरच्या खोलीत ठोकाठोक चाललेली.

आई हातात हातोडी घेऊन बसली होती. गॅलरीतली सुटी मांडणी तिला कितीतरी दिवस खुपत होती. जास्तीच्या गोधड्या ठेवायला बरी पडेल म्हणून तिने ती स्वतःच जोडायला घेतली. कागद होता, पण कागद वाचून वस्तू जोडणं म्हणजे आईच्या मते स्वतःचा अपमान. आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू आली की तिच्याबरोबरचा माहितीचा कागद सगळ्यात आधी ड्रॉवरच्या तळाशी अंथरला जातो. तिने मांडणी जोडली होती. खाच पुढे. मागची फळी बसेना म्हणून चांगले लांब लांब खिळे मारून ती कायमची गप्प केली होती.

मी कपाळाला हात लावला. नमुना वाया गेला, आता घरात महायुद्ध पेटणार. पण वहिनी दारातच थबकल्या, हातातली पिशवी खाली ठेवली आणि आईशेजारी जाऊन बसल्या.

"आई, ही खाच तुम्ही पुढे का घेतलीत?"

"मग कुठे घेऊ? अगं, हात घालून ओढायला आहे ना ती. मांडणी सरकवायची झाली तर धरणार कुठे?"

वहिनी आईकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं. आई चिडली. तिला वाटलं तिची टर उडवली जातेय. पण वहिनींनी तिचे दोन्ही हात धरले. "आई, तिकडे शेकडो लोकांनी हेच केलं, आणि का केलं ते आम्हाला कुणालाच सांगता येत नव्हतं. तुम्ही सांगितलंत. परीक्षेला तुम्ही बसा. मला दुसरं कुणी नको."

आईला नेमकी कशाबद्दल शाबासकी मिळतेय हे कळलं नाही, पण शाबासकी परत करण्याचा तिचा स्वभाव नाही. "बसेन," ती म्हणाली.

मी वहिनींना गॅलरीत गाठलं. "वहिनी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? तुम्ही नापास व्हाल तर तिचं भलं आहे. ती मुद्दाम चुकेल!"

"मुद्दाम चुकायला आधी बरोबर काय ते कळावं लागतं, भाऊजी. आणि तेवढं कळण्याइतका माझा कागद चांगला झाला, तर पुढचं त्यांच्यावर सोपवते."

"केवढा विश्वास!"

"विश्वास नाही. पण त्या एखाद्या कपाटासमोर हरतील असं वाटतं का तुम्हाला?"

मग सुरू झाली वहिनींची तयारी. कपाटाचा नवा खोका आला तो थेट दादाच्या खोलीत, आणि आईला तिथे जायला बंदी, कारण परीक्षेआधी तिने काही बघता कामा नये. स्वतःच्याच घरातल्या एका खोलीत मज्जाव! आईने आठवडाभर फुरंगटून घेतलं. पण वहिनी तिच्यामागे सावलीसारख्या फिरत होत्या. आई डब्याचं झाकण उलटं लावते का, कात्री सापडली नाही तर पिशवी दातांनी फाडते का, पडद्याची दांडी बसवताना आधी कुठला हात वर नेते. जिथे आईचा हात आपसूक चुकीकडे जाई, तिथे वहिनी टेबलाशी जाऊन चित्र काढत. आधी लोक काय करणार ते, त्यावर लाल फुली. मग शेजारी बरोबर. आजवर त्या फक्त बरोबर काय तेच काढत आल्या होत्या.

परीक्षेच्या सकाळी खोलीतलं सगळं सामान भिंतीला लावलं. लॅपटॉप स्टुलावर. पडद्यावर फर्निचरबाई आणि तिच्याबरोबर टाय लावलेला एक गंभीर माणूस. मध्ये खोका आणि खोक्यापुढे उशी टेकून आई. शेजारच्यांना सांगून ठेवलं होतं की आज कुरिअर नाही, चावी नाही, आग लागली तरच दार वाजवा. दादाने रजा घेतली होती आणि चक्क खोलीत हजर होता.

आईने खोका उघडला. सवयीने कागद बाजूला टाकला. मग तिची नजर त्यावर गेली आणि तिने तो परत उचलला, कारण सगळ्यात वर एक बाई कागद बाजूला फेकते आहे असं चित्र होतं आणि त्यावर भलीमोठी फुली. आईने चष्मा नाकावर चढवला. लाकडी खुंट्या बसल्या. स्क्रू लागले. एलन की म्हणजे ती वाकडी चावी तिने आधी उलटी धरली, कागदात बघितलं, सुलटी केली.

मग आली बाजूची फळी. आईने ती उभी केली, खाच पुढे, आणि अगदी घट्ट धरून ठेवली. बघते तर कागदावर अंबाडा घातलेली, चष्मा लावलेली एक बाई तशीच खाचेत बोटं घालून कपाट ओढतेय. वर फुली. आईने चित्राकडे पाहिलं, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, आणि मग वहिनींकडे असं काही पाहिलं की मी खोलीबाहेर पळायच्या बेतात होतो. बोलायला बंदी होती म्हणून, नाहीतर त्या दिवशी फर्निचरबाईला आमच्या भाषेतले काही निवडक शब्द फुकट शिकायला मिळाले असते. आईने फळी फिरवली. मागची पातळ फळी खाचेतून सरकन खाली गेली. पडद्यावरची फर्निचरबाई खुर्चीतून अर्धी उठली.

शेवटी दार उरलं. कागदात सगळं लख्ख होतं, बिजागरी कुठल्या बाजूला ते आईला कळलंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दार हातात घेऊन ती थांबली. बराच वेळ थांबली. आता उलटं लावलं की वहिनींचा करार गेला आणि उद्याच्या गाडीने ताईकडे मदत रवाना. तिला हे माहीत होतं. मला माहीत होतं. वहिनींनाही माहीत होतं, त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. आईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली बघून दार सुलटं धरलं आणि एकेक स्क्रू असा पिळला की तो स्क्रू आजन्म सुटायचा नाही.

कपाट उभं राहिलं. दार उघडलं, बंद झालं. पलीकडून टाळ्या. टायवालासुद्धा टाळ्या वाजवत होता. दादाने सगळ्यांसमोर वहिनींना मिठी मारली, आईसमोर, हे आमच्या घरात आजवर घडलेलं नव्हतं. आणि मी काय केलं विचाराल, तर मी शिट्टी मारली.

बंदी उठल्या उठल्या आई कॅमेऱ्याकडे वळली आणि बोट रोखून म्हणाली, "स्क्रूंची पिशवी फाटत नाही! दात पडायची वेळ आली माझी! कुठे फाडायची तेवढं काढायला काय झालं होतं?" वहिनींनी हसत हसत तिचं बोलणं सांगितलं. फर्निचरबाईने लगेच लिहून घेतलं आणि त्या टायवाल्याशी काहीतरी कुजबुजली. मग ती बोलली आणि वहिनी आ वासून बघत राहिल्या.

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं.

"वर्षभराचा करार दिला, आई. आणि यापुढचा प्रत्येक कागद तुमच्याकडूनच तपासून हवाय. त्याचे वेगळे पैसे. तुम्ही जिथे चुकाल तिथे त्यांना कळेल की लोक कुठे चुकणार."

"चुकायचे पैसे?" आई ताडकन म्हणाली. "आणि इतकी वर्षं मी फुकट चुकत होते?"

नंतर कपाटाचा कचरा आवरताना मी आईला एकटीला गाठून विचारलंच, की दार हातात घेऊन एवढं काय चाललं होतं मनात.

"खोटं कशाला बोलू, आलं होतं मनात," ती म्हणाली. "पण मग तिचा चेहरा बघितला. वॉर्डात असले चेहरे बघितलेत रे मी. शेवटची कळ देताना बाईचा चेहरा असतो तसा. त्या वेळी आपण हात काढून घ्यायचा नसतो."

दुपारी आईने स्वतःच ताईला फोन लावला, स्पीकरवर. आम्ही सगळे भोवती.

"तुझी वहिनी येणार नाही," आई म्हणाली.

पलीकडून ताईचा रडवेला आवाज, "आई, अगं, मी एकटीने कसं करू?"

"एकटीने नाही करायचंस. ऐक. तुझ्या वहिनीने आज काय केलं ते तू बघायला हवं होतंस. मला कळायला उशीर झाला, पण कळलं. माझी सून फार हुशार आहे, तिचं काम मी मोडू देणार नाही. आणि आता तर मीही नोकरीला लागले आहे, पहिल्या कमाईतून तुझ्याकडे सकाळची बाई ठेवते. उरलं बाळाचं. जावईबापूंना दे."

मेहुणे फोनवर आले. बिचारे घाबरलेले.

"रजा काढा," आई म्हणाली. "बाळाला अंघोळ घालायची, ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, सगळं तुम्ही करायचं."

"आई, करेन हो, पण मला काहीच येत नाही. मोठीच्या वेळी मी तिला धरायलासुद्धा घाबरायचो. कुठून धरायचं तेच कळायचं नाही."

"काही म्हणजे काहीच येत नाही?"

"काहीच नाही."

आईचा चेहरा उजळला. "वा! असाच माणूस हवा होता," ती म्हणाली आणि वहिनींकडे वळली. वहिनींनी खुर्ची आईच्या जवळ ओढली होती आणि कोऱ्या कागदावर बाळाच्या मानेखाली हात कुठे धरायचा, ते काढायला सुरुवातही केली होती.